‘धोका 415 व्होल्ट’ : रबाळ्यातल्या एका कारखान्यातली तक्रार

या प्रकरणात मी अंतर्गत समितीची, म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाच्या तक्रारी ऐकणाऱ्या कंपनीतल्या समितीची, बाहेरची सदस्य होते. या छळाविरुद्धच्या 2013 च्या कायद्याचं कलम 16 तक्रारदाराचं, साक्षीदारांचं आणि ज्यांच्यावर तक्रार आहे त्यांचंही नाव बाहेर येऊ देत नाही. ओळख पटणार नाही अशा रीतीने मिळालेल्या न्यायाबद्दल सांगायला मात्र तेच कलम परवानगी देतं. म्हणून इथे नावं नाहीत आणि ओळख पटेल असे काही तपशील बदलले आहेत. घडलं ते असंच घडलं.

पार्श्वभूमी

नवी मुंबईतल्या रबाळे एमआयडीसीत इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनल बनवणारा कारखाना. कायम आणि कंत्राटी मिळून दीडशेच्या आसपास माणसं. अकाउंट्सला आणि डिझाइनला बायका होत्या, शॉप फ्लोअरवर एकच. ती जानेवारीत क्वालिटीला रुजू झाली. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा आणि याच कामाचा पाच वर्षांचा अनुभव. राहायला ठाणे पूर्वेला, कोपरीत. पहिली शिफ्ट सात ते तीन, येणं-जाणं कंपनीच्या बसने.

तिचं काम काय होतं ते नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यातूनच आलं. वायरिंग झालेलं पॅनल तिच्याकडे यायचं. बसबारचे (वीज वाहून नेणाऱ्या धातूच्या पट्ट्यांचे) बोल्ट पुरेसे आवळलेत का ते टॉर्क रेंचने तपासायचं, वायरच्या टोकाचा लग नीट क्रिंप झालाय, म्हणजे दाबून घट्ट बसलाय का ते वायर ओढून बघायचं, फेरूलवरचे (वायरच्या टोकावरच्या नळीवरचे) नंबर ड्रॉइंगशी ताडून घ्यायचे, शेवटी इन्सुलेशन तपासायला मेगर लावायचा. कुठे चूक दिसली की पॅनलला लाल टॅग आणि माल परत लाइनवर. तिच्या आधी या टेबलावर जे होते ते बरंचसं ‘साइटवर बघून घेतील’ म्हणून सोडून द्यायचे. ती सोडत नव्हती. लाइनचा महिन्याचा इन्सेंटिव्ह वेळेत निघालेल्या पॅनलवर ठरायचा. मार्चमध्ये तो निम्म्यावर आला.

काय घडत गेलं

सुरुवात टोपणनावाने झाली. ‘हाय व्होल्टेज’. ती फ्लोअरवर आली की कुणीतरी म्हणायचं, “हाय व्होल्टेज आलं रे, हात लावू नका.” दुसरा म्हणायचा, “हातमोजे घालून लावला तर?” मग हशा. पहिल्या दिवशी तीसुद्धा हसली होती. चौकशीत हे तिच्याविरुद्ध तीन वेळा वापरलं गेलं, म्हणून ते आधीच लिहून ठेवते. नव्या जागी, पंचवीस पुरुषांमध्ये, चौथ्या महिन्यात माणूस हसतो. त्या हसण्याचा अर्थ संमती असा होत नाही.

जूनमध्ये ती पॅनलच्या खालच्या केबल चेंबरमध्ये वाकून बोल्ट तपासत असताना कुणीतरी मागून फोटो काढला. लाइनच्या पोरांचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप होता. त्यात एकोणीस जण होते, ती नव्हती. तिथे हा फोटो ‘टेस्टिंग चालू आहे’ अशा ओळीसह आला. मग पोल निघू लागले, ‘आज मॅडम कोणाकडे बघून हसणार?’ एका पोलला अकरा मतं होती.

तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. जुलैत एका दुपारी विटाव्याच्या रेल्वे पुलाखाली पाणी भरलं आणि बस अडकून पडली. शेजारी आयटीआयचा एक अ‍ॅप्रेंटिस बसला होता. बराच वेळ तो मोबाईल हातात फिरवत राहिला आणि शेवटी म्हणाला, “ताई, एक दाखवतो, पण माझं नाव घेऊ नका.” दाखवलं, आणि तिने मागितले म्हणून चार स्क्रीनशॉट पाठवलेही.

त्याच आठवड्यात तिच्या खुर्चीच्या पाठीवर स्टिकर चिकटवलेला सापडला. पॅनलच्या दारावर लावतात तोच, लाल रंगाचा, कवटीचं चित्र आणि ‘धोका 415 व्होल्ट’. तिने जेवणाच्या सुट्टीत तो नखाने खरवडून काढायचा प्रयत्न केला. वरचा कागद निघाला, गोंद राहिला. सप्टेंबरमध्ये आम्ही जागा पाहायला गेलो तेव्हा त्या गोंदावर धूळ बसून खुर्चीच्या पाठीवर बरोब्बर स्टिकरच्या मापाचा काळा चौकोन झाला होता.

ती सुपरवायझरकडे गेली. तो म्हणाला, “पोरं आहेत, मस्करी करतात. तू मनावर घेतेस म्हणून त्यांना चेव येतो.” ती तक्रार घेऊन गेली हे संध्याकाळपर्यंत लाइनवर पोचलं आणि दुसऱ्या दिवसापासून मस्करी बंद झाली. बंद झालं ते बोलणंच. ड्रॉइंग मागितलं तर कुणी ऐकायचं नाही. दिवसभराची पॅनल पावणेतीनला एकदम तिच्यासमोर आणून उभी करायची, म्हणजे एक तर न तपासता सही करा नाहीतर बस सोडा. बसमध्ये प्रत्येक मोकळ्या सीटवर एकेक बॅग ठेवलेली असायची. सप्टेंबरच्या मध्यात तिने लेखी तक्रार दिली.

समितीपुढचे प्रश्न

समितीत आम्ही चौघे होतो. अध्यक्ष म्हणून अकाउंट्सच्या प्रमुख मॅडम, डिझाइनमधली एक इंजिनिअर, स्टोअर्सचे एक गृहस्थ आणि मी. गेटजवळच्या फलकावर समितीची यादी लागलेली होती, पण त्यात माझ्या आधीच्या सदस्याचं नाव आणि बंद झालेला फोन नंबर होता. तक्रार कुणाकडे द्यायची हे तिला शेवटी डिझाइनमधल्या मैत्रिणीने सांगितलं.

पहिला आक्षेप मुदतीचा आला. कारखान्याचे व्यवस्थापक म्हणाले, फोटो जूनमधला, कायद्यात तीन महिने आहेत. उत्तर सोपं होतं. घटनांची मालिका असेल तर मुदत शेवटच्या घटनेपासून मोजतात, आणि कारण पटलं तर समिती आणखी तीन महिने वाढवू शकते. इथे आमचा वेळ गेला नाही.

दुसरा आक्षेप खरा अवघड होता. “हा इन्सेंटिव्हचा राग आहे. तिच्या जागी पुरुष असता तरी त्यांनी त्रास दिलाच असता. यात लैंगिक काय आहे?” व्यवस्थापक हे मनापासून म्हणत होते, आणि आमच्या स्टोअर्सच्या सदस्यालाही ते पटत होतं. बॅगा ठेवणं, न बोलणं, उशिरा माल आणणं, यातली एकेक गोष्ट सुटी धरली तर ती लैंगिक छळाच्या व्याख्येत बसत नाही हे खरंच आहे.

आम्ही दोन संध्याकाळी यावर बसलो. मी सदस्यांना म्हटलं, पुरुष क्वालिटीवाला असता तर राग काढला असता, पण त्याचा वाकलेला फोटो काढला असता का? तो कुणाकडे बघून हसणार यावर मतदान घेतलं असतं का? रागाचं कारण काम होतं, पण तो काढायला त्यांनी तिचं बाईपण वापरलं. कायदा हेतू विचारत नाही. वागणं नकोसं होतं का, लैंगिक स्वरूपाचं होतं का, हे विचारतो. शेरे आणि फोटो कलम 2 मध्ये येतात. त्या वागण्याशी जोडून कामात अडथळा आला, वातावरण भीतीचं किंवा अपमानाचं झालं, तर कलम 3 तेही धरतं. बहिष्कार तिने फोटोबद्दल तोंड उघडल्यावर सुरू झाला होता. तो त्या फोटोचाच पुढचा भाग होता.

हा कायदा ज्या विशाखा निकालातून आला, त्याच्या मुळाशी राजस्थानातल्या भंवरी देवी आहेत. त्या सरकारच्या ‘साथिन’, म्हणजे गावपातळीवरच्या महिला विकास कार्यकर्त्या होत्या. नेमून दिलेलं काम म्हणून त्यांनी बालविवाह थांबवायचा प्रयत्न केला आणि 1992 मध्ये त्यांच्यावर सामूहिक बलात्कार झाला. सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वं दिली 1997 मध्ये. दोन्ही घटनांच्या भयंकरपणाची तुलना मी करत नाही. पण काम नीट केल्याचा राग बाईच्या शरीरावर काढायचा, आणि तोही घोळक्याने, हे या कायद्याच्या जन्मापासून त्याच्यासमोर आहे. स्टोअर्सचे गृहस्थ बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “ठीक आहे, लिहा.”

तपासलेले पर्याय

समेट हा एक मार्ग होता. तो फक्त तक्रारदाराने मागितला तरच सुरू करता येतो आणि पैशांवर मिटवता येत नाही. व्यवस्थापनाने दोनदा सुचवला, तिने मागितला नाही, विषय संपला. पोलिसांचा पर्याय आम्ही तिला नीट समजावला. भारतीय न्याय संहितेची कलमं 75 (लैंगिक छळ) आणि 79 (स्त्रीच्या विनयाचा अपमान) लागू शकतात आणि तिला तक्रार करायची असेल तर मदत करणं मालकाचं कर्तव्य आहे, हेही सांगितलं. ती म्हणाली, “मला त्यांना आत नाही टाकायचं. मला माझ्या टेबलावर काम करायचंय.”

मग राहिली चौकशी. पण कोणाविरुद्ध? तक्रारीत तिने ‘लाइनचे सर्व कर्मचारी’ असं लिहिलं होतं. तिच्या दृष्टीने ते अचूक होतं. अध्यक्ष मॅडमचं म्हणणं होतं की नावं ठरवल्याशिवाय नोटीस कुणाला काढणार? फोटो काढणारा कंत्राटी वायरमन, पोल टाकणारा फिटर आणि हे सगळं ज्याच्या डोळ्यांदेखत चाललं तो लाइन लीडर, असे तिघे पुराव्यात स्पष्ट होते. बाकीच्यांना साक्षीदार म्हणून बोलवू, असं ठरलं. मी याला दुजोरा दिला. माझा हिशेब असा की सगळ्यांना आरोपी केलं तर साक्ष द्यायला कोण उरणार?

पहिली फेरी

कार्यवाही नियमाप्रमाणे झाली. सात दिवसांत तक्रारीची प्रत तिघांना गेली, उत्तराला दहा दिवस दिले. प्रत पोचली त्याच रात्री ग्रुप डिलीट झाला.

मग साक्षी. चौदा जण एकामागोमाग एक आले, खुर्चीच्या कडेला बसले आणि म्हणाले, “आम्ही ग्रुप म्यूट ठेवला होता.” चौदाही जणांचं हेच वाक्य, शब्दाला शब्द. सातव्या साक्षीनंतर मी लिहून घेणं थांबवून बघत बसले. आम्ही ज्यांना साक्षीदार समजत होतो ते त्या तिघांची भिंत झाले होते. आपल्यावर काही येणार नाही हे आम्हीच त्यांना नोटिशीतून कळवलं होतं. मग त्यांनी बोलावं कशासाठी?

दुसरी चूक अंतरिम दिलाशाची. व्यवस्थापनाचा आग्रह होता की चौकशी होईपर्यंत तिला वागळे इस्टेटच्या ऑफिसात बसवू, ‘तिच्याच सोयीसाठी’. ती म्हणाली, “म्हणजे मला उचललं की पॅनल आपोआप पास होणार.” कलम 12 नुसार तिच्या लेखी विनंतीवरून तिची किंवा समोरच्याची, दोघांपैकी कुणाचीही बदली करता येते. तिने त्या तिघांची मागितली. दोघांची झाली. लाइन लीडरला हलवलं तर दिवाळीआधीची डिलिव्हरी अडेल असं सांगण्यात आलं. मधला मार्ग म्हणून आम्ही तिला दोन आठवडे पगारी रजा सुचवली. ती थकली होती, हो म्हणाली. कायद्यात तीन महिन्यांपर्यंतची रजा आहेच, ही तर दोनच आठवड्यांची, असं मी स्वतःला समजावलं.

त्या दोन आठवड्यांत फ्लोअरवर पक्कं झालं की मॅडमना घरी बसवलं, म्हणजे चूक तिचीच. ती परत आली ती खंडेनवमीच्या आदल्या दिवशी. दुसऱ्या दिवशी यंत्रांची पूजा झाली, झेंडूच्या माळा चढल्या, पेढ्यांचं ताट लाइनवरून फिरलं. प्रत्येक टेबलाजवळ थांबत ते तिच्या टेबलाच्या अलीकडच्या खांबापर्यंत आलं आणि तिथून वळून परत गेलं. हे तिने मला संध्याकाळी फोनवर सांगितलं. इतक्या महिन्यांत ती त्या एका दिवशी रडली.

दुसरी फेरी

मी अध्यक्ष मॅडमना म्हटलं, साक्षी पुन्हा घेऊ, प्रश्न बदलून. “कोणी केलं?” हा प्रश्न सोडून द्यायचा. प्रत्येकाला त्याच्याबद्दलच विचारायचं. स्टिकर लागला त्या सकाळी तुम्ही कुठे उभे होतात? ती बसायला आली तेव्हा तुम्ही काय केलंत? पोलमध्ये तुमचं नाव आहे, मत देताना काय वाटलं? पोलचा स्क्रीनशॉट आम्ही समोर ठेवला. व्हॉट्सअ‍ॅपच्या पोलमध्ये मत कुणी दिलं ते नावानिशी दिसतं, आणि म्यूट केलेल्या ग्रुपमध्ये मत देण्यासाठी ग्रुप उघडावा लागतो.

सहाव्या साक्षीला भिंत हलली. सगळ्यात ज्येष्ठ फिटर, सगळे त्यांना काका म्हणतात, निवृत्तीला दोन वर्षं उरलेली. त्यांनी मत दिलं नव्हतं. काका म्हणाले, “स्टिकर दिसला होता मला. माझ्या खिशात स्क्रू ड्रायव्हर होता, गोंद ओला असताना सहज निघाला असता. पण मी काढला असता तर उद्या माझ्या खुर्चीवर लागला असता.” मग थोडं थांबून, “आणि पेढ्यांचं ताट माझ्याच हातात होतं. लीडर म्हणाला, पुढे नको. मी वळलो.”

ताट कुणाच्या हातात होतं हे आम्ही कुणालाच विचारलं नव्हतं.

त्यानंतर आणखी चौघे बोलले. हे सगळं मुळात कुणाच्या मनात होतं असं नाही, असं त्यांच्या बोलण्यातून दिसत होतं. एकाने टाकलं, दुसरा हसला, तिसऱ्याला वाटलं आपण हसलो नाही तर आपण वेगळे पडू. छळ तिघांनी केला, पण तो सहा महिने टिकला बाकीच्या सोळांच्या जोरावर. यावर माझं मत ठाम आहे: गप्प बसलेले तटस्थ नव्हते. तिच्या जागेवरून पाहिलं तर तो एकोणीस जणांचाच ग्रुप होता.

निष्कर्ष आणि परिणाम

नव्वद दिवसांची मुदत होती, चौकशी एक्काहत्तर दिवसांत संपली. तिघांवरचे आरोप सिद्ध झाले. आम्ही लाइन लीडरचं पद काढणं आणि वेतनवाढ रोखणं, फिटरची वेतनवाढ रोखणं आणि लेखी माफी, वायरमनला लेखी समज आणि समुपदेशन अशी शिफारस केली. सुपरवायझरने तक्रार दडपली हे अहवालात स्वतंत्रपणे नोंदवलं.

कंपनीने साठ दिवसांच्या आत कारवाई केली, पण कशी? वायरमन कंत्राटी, त्याचा गेटपास ठेकेदाराकरवी दुसऱ्याच दिवशी काढून घेतला. लाइन लीडर कायम कामगार, त्याची एक वेतनवाढ थांबली आणि पद राहिलं. ज्याने फोटो काढला त्याचा दोष मोठाच होता. पण ज्याच्या एका शब्दावर ताट वळलं त्याचा दोष त्याहून लहान कसा? मी लेखी हरकत घेतली. उत्तर आलं नाही.

आणि अ‍ॅप्रेंटिस. आम्ही त्याचं नाव कुठेही घेतलं नव्हतं. पण स्क्रीनशॉटच्या वरच्या पट्टीत बॅटरी आणि वेळ दिसत होती. त्या वेळी कोण कुठे होतं हे लाइनवाल्यांनी जुळवून काढलं. मार्चमध्ये त्याचं वर्ष संपलं आणि त्याला पुढे घेतलं नाही. कारण ‘जागा नाही’. कायदा साक्षीदाराचं नाव झाकतो, पण त्याच्यावर असा सूड उगवला तर त्याला वाचवणारं वेगळं कलम त्यात नाही.

चांगलं झालं ते एका अनपेक्षित ठिकाणी. अहवालात आम्ही इन्सेंटिव्हच्या हिशेबाबद्दल एक परिच्छेद लिहिला होता. तो आमच्या अधिकारात बसतो का यावर समितीतच वाद झाला होता. व्यवस्थापकांनी तोच उचलला. जानेवारीपासून पहिल्याच तपासणीत पास झालेल्या पॅनलवर इन्सेंटिव्ह मोजू लागले. दोन महिन्यांत लाइनवरची पोरं क्रिंपिंग झाल्यावर स्वतःहून तिला बोलवायला लागली, “मॅडम, टॅग लावण्याआधी एकदा बघून घ्या ना.”

आज पुन्हा करायचं झालं तर

तक्रार हातात पडली त्याच दिवशी, नोटिशीच्या आधी, चॅट जपून ठेवण्याचा लेखी आदेश काढेन. कागदपत्रं हजर करायला लावण्याचा दिवाणी न्यायालयासारखा अधिकार समितीला आहे, आम्ही तो वेळेत वापरला नाही. स्क्रीनशॉट फाइलला लावताना वरची पट्टी झाकेन, मूळ प्रत बंद लिफाफ्यात ठेवेन. ही एवढी साधी गोष्ट सुचली असती तर कदाचित तो मुलगा आज तिथे कामाला असता.

मत देणाऱ्या अकराही जणांना सुरुवातीलाच वेगवेगळी नोटीस काढेन. त्यांना म्हणणं मांडायची संधीच दिलेली नसल्यामुळे शेवटी आम्हाला त्यांच्याविषयी काही शिफारस करता आली नाही. त्यांना मिळालं ते दोन तासांचं प्रशिक्षण, ज्यात तिलाही त्यांच्याच रांगेत बसवलं. शिक्षा सगळ्यांना सारखी हवी असं नाही, पण प्रत्येकाला आपल्या नावाच्या कागदावर उत्तर लिहावं लागलं असतं.

आणि रजा सुचवणार नाही. तिने स्वतः मागितली तर गोष्ट वेगळी. जागा सोडायची असेल तर ती समोरच्याने सोडावी, डिलिव्हरी अडली तरी.

ती अजून तिथेच आहे. मध्यंतरी भेटली तेव्हा मी खुर्चीचं विचारलं. कंपनीने नवी देऊ केली होती, तिने घेतली नाही. एका सकाळी आली तर पाठीवरचा काळा चौकोन गेलेला होता, थिनरचा वास येत होता. कुणी पुसला ते तिने विचारलं नाही, कुणी सांगितलंही नाही.